बॅकएंड नाही म्हणजे नेमकं काय नाही?

गेल्या महिन्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या लॅबमध्ये आली. "ताई, कोड बरोबर आहे, पण चालतच नाही." स्क्रीनभर तांबडी अक्षरं. शेवटच्या ओळीत एवढंच होतं की तुमचा पायटॉर्च कुडासह बांधलेला नाही. तिचं यंत्र मॅक, त्यात एनव्हिडियाचं कार्ड नाही, म्हणजे कुडा असणारच नाही. मी तिला उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. "जमलं! जिथे जिथे कुडा होतं तिथे एमपीएस लिहिलं. आता चालतंय."

खरं सांगायचं तर मला काळजी वाटली ती तेव्हा. पहिल्या दिवशी काहीच नव्हतं काळजीचं. कारण २०२२ मध्ये मीही असंच "चालवलं" होतं आणि त्यातून एक खोटं वाक्य माझ्या प्रगती अहवालात जाऊन बसलं होतं. ते कसं गेलं आणि कसं काढलं, हे आज सांगते. तुमच्यातले बरेच जण पुढच्या वर्षी पीएच.डी.ला नाव नोंदवणार आहेत. हा प्रसंग तुमच्यावर येणारच, कारण आपल्याकडे यंत्र मिळेल ते असतं, आणि हत्यारं मात्र दुसऱ्याच यंत्रासाठी लिहिलेली असतात.

आधी शब्द समजून घेऊ. पायटॉर्चमध्ये तुम्ही "या दोन मॅट्रिक्स गुणा" असं लिहिता तेव्हा तो गुणाकार पायथॉन करत नाही. तुमची ओळ आत एका वाटपकेंद्रात जाते. तिथे दोन गोष्टी बघितल्या जातात: क्रिया कोणती आणि आकडे ठेवलेत कुठे, सीपीयूवर, एनव्हिडियाच्या जीपीयूवर की ॲपलच्या जीपीयूवर. त्यावरून नेमका कोणता तयार कोड चालवायचा ते ठरतं. डोळ्यांसमोर एक मोठा तक्ता आणा. उभ्या रकान्यांत यंत्रं, आडव्या ओळींत क्रिया. पायटॉर्चमध्ये अशा क्रिया दोन हजारांच्या वर आहेत. प्रत्येक चौकटीत कुणीतरी बसून त्या यंत्रासाठी ती क्रिया लिहिलेली असावी लागते. सीपीयूचा रकाना जवळजवळ भरलेला. कुडा २००७ पासून आहे, त्यामुळे तोही भरलेला. ॲपलसाठीचा एमपीएस हा रकाना २०२२ च्या उन्हाळ्यात, पायटॉर्च १.१२ बरोबर आला आणि सुरुवातीला त्यात पुष्कळ चौकटी रिकाम्या होत्या. "बॅकएंड सपोर्ट नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: तुमच्या यंत्राच्या रकान्यात ती एक चौकट रिकामी आहे.

घावन्यांचं उदाहरण घ्या. पीठ तेच, कृती तीच. गॅसवर बिडाचा तवा चालतो, खापरी चालते, ॲल्युमिनियमचा तवाही चालतो. इंडक्शनवर बिडाचा चालेल, पण ॲल्युमिनियमचा ठेवलात तर शेगडी पीं-पीं करून बंद पडते. ही पीं-पीं म्हणजे तुमची तांबडी ओळ. ती उपकार करते. खरा त्रास अशा शेगडीचा, जी पीं-पीं करत नाही, तवा गरम झाल्यासारखं दाखवते आणि घावनं कच्ची ठेवते.

आता माझी गोष्ट. रत्नागिरीत बसून भाषेची मॉडेलं ट्रेन करायची तर यंत्र कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. गुगल कोलॅबवर टी-४ हे कार्ड फुकट मिळतं, पण जुलैत इथे पाऊस लागला की लाईट जाते, लाईट गेली की नेट जातं, आणि नेट बराच वेळ गेलं की कोलॅबचं सेशन जातं. चार तासांचं ट्रेनिंग तिसऱ्या तासाला बुडालं की माणूस शहाणा होतो. माझ्या गाईड मॅडमनी प्रकल्पाच्या पैशातून एक एम-१ चा मॅक मिनी घेतला होता. तो यूपीएसवर ठेवला आणि ठरवलं, सगळं इथेच करायचं.

काम असं होतं. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा संग्रह आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं सगळ्यांसाठी खुली केली. त्यांनी भर घातलेला मजकूर सुमारे २.४८ कोटी वाक्यांचा, २८.९ कोटी टोकनांचा. मॉडेलांत महाबर्ट होतं, महारोबर्टा होतं, आणखीही होती. त्याच गटाचा महासेंट हा आधीचा, सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट्सचा संच, प्रत्येक ट्वीटवर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण केलेली. मला दोन मॉडेलं या संचावर थोडी पुढे शिकवून तुलना करायची होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला झेपेल असं साधं काम.

महाबर्ट विनातक्रार चाललं. महारोबर्टा पहिल्याच पायरीला पडलं. एररमध्ये लिहिलं होतं की कमसम ही क्रिया एमपीएसवर उपलब्ध नाही.

कमसम म्हणजे चालती बेरीज. १, १, १ दिलं की १, २, ३ परत येतं. एवढीशी गोष्ट. मग ती बर्टला का लागली नाही आणि रोबर्टाला का लागली? हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारला नाही. माझी चूक इथेच सुरू झाली.

उत्तर असं आहे. वाक्यातला शब्द कितवा आहे हे मॉडेलला वेगळं सांगावं लागतं. बर्ट सरळ ०, १, २, ३ असे क्रमांक देतं. रोबर्टा वाक्य बघून क्रमांक काढतं. समजा चार टोकनं आहेत आणि लांबी सहा करायला दोन रिकाम्या जागा भरल्यात. खऱ्या टोकनाला १ आणि रिकाम्या जागेला ० अशी पट्टी होते: १, १, १, १, ०, ०. तिची चालती बेरीज १, २, ३, ४, ४, ४. तिला पुन्हा मूळ पट्टीने गुणलं की १, २, ३, ४, ०, ०. आणि मग प्रत्येकात १ मिळवायचा, कारण रोबर्टाच्या शब्दसूचीत रिकाम्या जागेचा क्रमांक १ आहे. शेवटी हाती येतं २, ३, ४, ५, १, १. म्हणजे रोबर्टात वाक्य क्रमांक २ पासून सुरू होतं. १ रिकाम्या जागांसाठी राखलेला, आणि ० कुणीच वापरत नाही.

मला हे ठाऊक नव्हतं. मला दिसली ती फक्त अडचण: कमसम नाही. मी विचार केला, क्रमांकच द्यायचेत ना, मग आपणच देऊ. बर्टसारखे ०, १, २, ३ तयार केले आणि मॉडेलला हातात दिले. एरर गेली. लॉस खाली यायला लागला. मी चहा घेऊन आले तोवर एक फेरी पूर्ण झाली होती.

निकालात महारोबर्टा महाबर्टपेक्षा थोडं पण सातत्याने कमी पडत होतं. मी बियाणं बदलून पाहिलं (रँडम सीडला आम्ही लॅबमध्ये बियाणंच म्हणतो), तरी तेच. सातत्य दिसलं म्हणून विश्वास बसला. सहामाही अहवालात मी लिहिलं की या कामासाठी महारोबर्टा कमी उपयुक्त आहे. दुसऱ्या कुणी मेहनतीने केलेल्या मॉडेलबद्दल, माझ्या सहीने.

दिवाळीच्या सुट्टीत घरी लांज्याला होते. सहज त्या मॉडेलची कॉन्फिग फाइल चाळत होते. त्यात क्रमांकांच्या तक्त्याचा आकार दिसला: ५१४. मॉडेल एका वेळी ५१२ टोकनं घेतं हे पाठ होतं. मग दोन जास्त कशाला? तासाभरात सगळा उलगडा झाला आणि पोटात गोळा आला. मी वाक्यातल्या पहिल्या टोकनाला ० दिला होता, म्हणजे प्रशिक्षणात कधीच न वापरलेली जागा. दुसऱ्याला १ दिला होता, म्हणजे रिकामटेकड्यांची जागा. आणि वर्गीकरण करताना मॉडेल बघतं ते नेमकं पहिलंच टोकन! बाकी सगळी टोकनं दोन घरं सरकलेली. मॉडेलने तरीही जमेल तेवढं जुळवून घेतलं, म्हणून निकाल पडला नाही, फक्त थोडा घसरला. धाडकन पडला असता तर मी त्याच दिवशी शोधलं असतं.

एरर का आली नाही? ५१४ घरांच्या तक्त्यात ० हे घर असतंच. संगणकाच्या दृष्टीने मी काहीच चुकीचं मागितलं नव्हतं.

मग दुरुस्ती कशी असायला हवी होती? दोन रस्ते होते. एक, पायटॉर्चच सुचवतो तो: एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालू करायचा, मग जी क्रिया एमपीएसवर नाही ती आपोआप सीपीयूवर जाते आणि उत्तर घेऊन परत येते. याला फॉलबॅक म्हणतात. उत्तर बरोबर येतं, वेळ जातो. रत्नागिरीहून देवरुखला जाताना दर मैलाला उतरून दुसरी एसटी पकडण्यासारखं आहे ते. एकदाच उतरायचं असेल तर हरकत नाही, पण ती क्रिया प्रत्येक थरात, प्रत्येक पायरीला येत असेल तर जीपीयू असून नसल्यासारखा होतो. आणि सूचना फक्त पहिल्यांदा छापली जाते, त्यामुळे हजाराव्या पायरीला तुम्हाला कळतही नाही की अजून उतरचढ चालू आहे.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. हे क्रमांक मॉडेलच्या आत काढण्याची गरजच नाही. वाक्यांचे गठ्ठे बांधतानाच, म्हणजे आकडे सीपीयूवर असतानाच, रोबर्टाच्या मूळ नियमाने चालती बेरीज करून क्रमांक सोबत पाठवायचे. सीपीयूचा रकाना भरलेला आहे. खर्च जवळजवळ शून्य. फरक बघा: माझी जुनी युक्ती आणि ही, दोन्हींत क्रमांक बाहेरूनच दिलेत. पण इथे ती क्रिया काय करत होती हे आधी वाचलं आणि मग तिच्या जागी दुसरी ठेवली. (एमपीएसवर कमसम पुढे आलं. आज तुम्हाला ही एरर बहुधा दिसणार नाही. दुसरी दिसेल.)

आता त्या मुलीच्या लॅपटॉपकडे येते. ती वापरत होती नॅनोजीपीटी, आंद्रे कार्पथी यांनी २०२२ च्या अखेरीस खुला केलेला छोटा, वाचायला सोपा ट्रेनिंग कोड. शिकायला यापेक्षा चांगलं हत्यार मला माहीत नाही. त्याच्या माहितीपानावर मॅकसाठीचा पर्याय दिलेलाही आहे, तो तिने वाचला नव्हता, ते असो. पर्याय वापरला तरी काय होतं ते बघण्यासारखं आहे.

त्या कोडमध्ये एका ओळीत यंत्राचा प्रकार ठरतो: नावात कुडा असेल तर कुडा, नसेल तर सीपीयू. तिसरी शक्यता नाही. मग एमपीएस गणला जातो सीपीयूत. आकडे ॲपलच्या जीपीयूवरच असतात, गणितही तिथेच होतं, पण कमी अचूकतेत गणित करून वेळ वाचवणारी जी सोय आहे, ती सीपीयू समजून बंद ठेवली जाते. दुसरीकडे, अचूकता निवडणारी ओळ बघते की कुडा नाही, म्हणून फ्लोट१६ लिहून ठेवते. त्या फ्लोट१६ साठी लागणारा स्केलर एक सूचना छापतो की कुडा नसल्याने मी बंद होतोय, आणि बंद होतो. परिणाम काय? ट्रेनिंग व्यवस्थित होतं, पूर्ण फ्लोट३२ मध्ये. आणि सेव्ह झालेल्या चेकपॉइंटच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं फ्लोट१६.

इथे मॉडेल चुकलेलं नाही. नोंद चुकली आहे. तिच्या प्रबंधाच्या तक्त्यात "अचूकता: फ्लोट१६" असा रकाना होता, शेजारी लागलेला वेळ आणि मेमरी. ते आकडे वाचून कुणी आपलं यंत्र निवडलं असतं तर?

यंत्राला "तुला हे येतं का" विचारलं आणि "हो" उत्तर आलं तरी थोडं थांबा. कोलॅबचं टी-४ घ्या. बीफ्लोट१६ हा आकड्यांचा प्रकार त्याच्या हार्डवेअरमध्ये नाही, तो अँपिअर या पुढच्या पिढीपासून आला. पण पायटॉर्चच्या अलीकडच्या आवृत्त्यांना विचारलंत तर त्या हो म्हणतात, कारण नक्कल करून चालवणंही त्या "येतं" मध्ये धरतात. नक्कल सोडून विचारायची सोय आहे, ती मुद्दाम वापरावी लागते. मग वैतागून साध्या फ्लोट१६ वर जाल तर त्यात ६५,५०४ च्या वरचा आकडाच मावत नाही. मराठीसह १०१ भाषांवर शिकवलेलं गुगलचं एमटी५ फ्लोट१६ मध्ये शिकवायला घेतलं की लॉसच्या जागी 'आकडा नाही' दिसायला लागतं, त्याचं कारण हेच. ते मूळ बीफ्लोट१६ मध्ये वाढलेलं आहे.

आणि एक प्रकार असा, ज्यात तुमची चूक नसते, सूचना नसते, नोंदही बरोबर असते. मॅट्रिक्स उलटवली, म्हणजे ओळींचे रकाने केले, तर पायटॉर्च आकडे हलवत नाही. तेच आकडे वेगळ्या क्रमाने वाचायचे एवढीच खूण करतो. अशा मांडणीला सलग नसलेली म्हणतात. पायटॉर्च २.४ च्या आधीच्या एमपीएसमध्ये गुणून मिळवणाऱ्या आणि भागून मिळवणाऱ्या दोन जागच्याजागी क्रिया अशा मांडणीवर चालवल्या की उत्तर एका तात्पुरत्या सलग प्रतीत लिहिलं जायचं आणि मूळ जागी परत आणलंच जायचं नाही. ॲडम हा आपण सगळे वापरतो तो ऑप्टिमायझर नेमक्या याच दोन क्रियांवर चालतो. म्हणजे ज्या थराची वजनं उलटवून तयार केली होती, तो थर हजारो पायऱ्यांनंतरही होता तिथेच. बाकीचे थर शिकत राहायचे, त्यामुळे लॉस खाली यायचा. आलेख सुंदर दिसायचा!

हे सगळं कसं पकडायचं? मी जे करते ते सांगते. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. सीपीयू हा आपला साक्षीदार. तो हळू आहे पण त्याचा रकाना भरलेला आहे आणि असंख्य लोकांनी तपासलेला आहे. अगदी लहान मॉडेल घ्या, दोन थरांचं. ड्रॉपआउट शून्य करा. वजनं सीपीयूवर तयार करून फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही यंत्रांवर तीच फाइल उघडा. नुसतं बियाणं सारखं ठेवून भागत नाही, कारण एकाच बियाण्यातून सीपीयू आणि जीपीयू वेगवेगळे आकडे काढतात. गठ्ठाही तोच द्या.

मग आधी फक्त पुढची फेरी करून लॉस जुळवा. नंतर उलटी फेरी करून प्रत्येक थराचे ग्रेडियंट जुळवा. शेवटी ऑप्टिमायझरची एकच पायरी टाकून प्रत्येक थराची वजनं जुळवा. पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या, कारण बिघाड कुठल्या पायरीत पहिल्यांदा दिसतो त्यावरून तो कुठे आहे हे कळतं. माझी क्रमांकांची चूक पहिल्याच पायरीत दिसली असती. गोठलेल्या थराची तिसरीत दिसते, कारण त्याचे ग्रेडियंट बरोबरच येतात. आकडे शेवटच्या घरापर्यंत जुळणार नाहीत, बेरजेचा क्रम बदलला की शेवटची घरं बदलतात. फ्लोट३२ मध्ये चौथ्या-पाचव्या सार्थ अंकापर्यंत जुळले तर मी पुढे जाते. दुसऱ्याच अंकाला फरक असेल तर "मॅक आहे, चालायचंच" म्हणून सोडत नाही.

सोबत दोन बारीक तपासण्या. नव्या, काहीच न शिकलेल्या मॉडेलचा पहिला लॉस हा शब्दसूचीच्या आकाराच्या नैसर्गिक लॉगरिदमजवळ यायला हवा. जीपीटी-२ ची सूची ५०,२५७ ची, म्हणजे सुमारे १०.८. अक्षरांवर चालणारं मराठी मॉडेल १२८ चिन्हांचं असेल तर ४.८५. (चिन्हं मोजताना सावध राहा. 'रत्नागिरी' आपल्याला चार अक्षरी वाटतं, युनिकोडमध्ये ती नऊ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये सत्तावीस बाइट.) आणि पहिल्या पायरीनंतर प्रत्येक थराला विचारा: तू हललास का? गोठवायला मुद्दाम सांगितलं नसताना जो हलला नाही, त्याच्याकडे जा.

दुरुस्ती सापडली की ती फक्त आपल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. हत्यार चालवणाऱ्यांना कळवा. त्यांना तुमचं अख्खं संशोधन नको असतं. दहा-पंधरा ओळींचा कोड, ज्यात तो बिघाड दरवेळी दिसतो, पायटॉर्च आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आणि सीपीयूचं उत्तर काय, तुमच्या यंत्राचं काय. एवढं दिलंत तर दुसऱ्या टोकाचा माणूस कामाला लागू शकतो. "तुमचं टूल मॅकवर चालत नाही" एवढंच लिहिलंत तर नाही. ते दहा ओळींचं उदाहरण बनवताना निम्म्या वेळा आपलीच चूक सापडते, हा वेगळा फायदा.

माझ्या अहवालाचं काय झालं? सुट्टीवरून आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "हे वाक्य आणखी कुठे कुठे गेलंय?" एका परिषदेला पाठवलेल्या गोषवाऱ्यात गेलं होतं. तो त्याच दुपारी मेल करून मागे घेतला. क्रमांक नीट देऊन सगळे प्रयोग पुन्हा चालवायला आठ दिवस गेले, आणि दोन मॉडेलांमधला फरक इतका उरला की बियाणं बदललं की कधी हे पुढे, कधी ते. पुढच्या अहवालात जुनं वाक्य, ते का चुकलं आणि नवे आकडे, तिन्ही लिहिलं. समितीत त्यावर दोनच प्रश्न आले. बाकी वेळ लॉसच्या आलेखावर गेला.

त्या मुलीबरोबर परवा बसले. तिन्ही पायऱ्या जुळल्या, सगळे थर हलले, म्हणजे मॉडेल ठीक होतं. तक्त्यातला फ्लोट१६ खोडून तिने फ्लोट३२ लिहिलं. मग यंत्राचा प्रकार ठरवणाऱ्या त्या ओळीत तिसरी शक्यता घातली, कमी अचूकता खरोखर चालू केली आणि वेळ नव्याने मोजायला लावला. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस वीस मिनिटं टिकतो, आणि तिची पहिली मोजणी अठरा मिनिटांत संपली.